दोघींत एक

१ मार्च

डायव्हिंग पास झाल्याचं कार्ड मिळालं. त्यावरचा माझा फोटो बुडून वर काढल्यावर काढल्यासारखा दिसतो. छकूचा अर्थातच छान आलाय. जेवताना नवरा म्हणाला, "आता घरात दोन पाणबुड्या." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी लोक न बुडायला शिकायचे. ह्या फी भरून बुडायला शिकतात."

नणंद-भावजयींनी एकत्र डायव्हिंग शिकायची कल्पना छकूची. गल्लीच्या तोंडाशी तिचं केस कापायचं दुकान आहे. तिथल्या एका गिऱ्हाइकानं हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं, तिनं ते माझ्या डोक्यात भरवलं. मला वाटलं होतं, तलावातल्या पहिल्या धड्यालाच ती कंटाळेल आणि माझी सुटका होईल. झालं उलटंच. मला आवडलं. पाण्याखाली कुणी मला "ताई, ही गोळी जेवणाआधी की नंतर" असं विचारत नाही.

आमचे शिक्षक फार सावकाश बोलतात, म्हणून छकूनं त्यांचं नाव कासवसर ठेवलंय. आज कार्ड देताना ते म्हणाले, "बाकी सगळं भाड्यानं घ्या. पण पहिली खरेदी करायची तर स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्या. महाग नको, पण स्वतःचा."

औषध कंपनीचा माणूस दर वर्षी माझ्या औषधाच्या दुकानात एक डायरी देतो आणि ती दर वर्षी कोरी राहते. या वर्षी निदान या खरेदीचं तरी लिहीन म्हणते.

४ मार्च

तलावाच्या इमारतीतच एक दुकान आहे. छकूला गिऱ्हाइकं होती, म्हणून एकटीच गेले. दुकानदारानं काचेच्या कपाटातून तीन यंत्रं काढून ठेवली. तिन्ही मनगटावर बांधायची. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, आणि या खोलीवर अजून किती मिनिटं सुखरूप थांबता येईल, एवढं सांगणं हे त्यांचं काम. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. जास्त मुरला आणि माणूस वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात. वर्गात हे ऐकताना छकूनं माझ्या कानात ढेकर दिल्याचा आवाज काढला होता.

पहिलं यंत्र साधं, काळं-पांढरं, मोठ्या आकड्यांचं. त्याची बॅटरी घरी बदलता येते. दुसरं रंगीत, रोजच्या घड्याळासारखं, फोनसारखं चार्ज करायचं. तिसरं सिलिंडरमध्ये किती हवा उरली तेही दाखवतं. त्याची किंमत ऐकून मी ते लगेच खाली ठेवलं, जणू हातातून पडेल.

"तुमच्या वयाला मोठे आकडे बरे," दुकानदार म्हणाला.

मला ते लागलं. त्याला सांगितलं, विचार करून येते. बाहेर पडल्यावर वाटलं, मोठे आकडेच बरे. पण त्यानं तसं म्हणायला नको होतं.

९ मार्च

चार रात्री फोनवर याचंच वाचन चाललंय. एक जण लिहितो, साधंच घ्या, नवख्याला पुष्कळ. दुसरा म्हणतो, साधं घेतलंत तर वर्षभरात पुन्हा खर्च कराल. एकाच्या यंत्राचा पट्टा तुटला, एकाचं फारच भित्रं आहे, सारखं वर जा म्हणतं. मी दिवसभर लोकांना हेच सांगते ना, नाव वेगळं असलं तरी औषध तेच, स्वस्तातलं घ्या, गुण तोच येतो. स्वतःची वेळ आली आणि ठरवता येईना.

खरी अडचण वेगळी आहे. एवढी महाग वस्तू मी फक्त माझ्यासाठी कधी घेतलेली नाही. नवऱ्याचे बूट तळाशी झिजलेत, तो त्यात पुठ्ठा घालून वापरतो. मुलीला वसतिगृहात नवी गादी हवी आहे. आणि मी मनगटावर काय बांधणार, तर पाण्यात किती मिनिटं मजा करायची ते मोजणारं यंत्र. नवरा म्हणतो, "घे ग, कधी नव्हे ते काही मागितलंस." तो असं म्हणाला की जास्तच चोरट्यासारखं होतं. तो नको म्हणाला असता तर मी भांडून घेतलं असतं.

१५ मार्च

ठरलं. साधंच घ्यायचं आणि दोघींत मिळून एक.

हे सुचल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. दोघींचं म्हटलं की माझी चैन अर्धी होते. आम्ही पाण्यात कायम जोडीनंच असतो, हातभर अंतरावर. एक जण बघणार, दुसरीला सांगणार. छकूला सांगायला तिच्या दुकानात गेले. ती कुणाच्या तरी कपाळावरची बट कापत होती.

"कासवसर म्हणाले होते, ज्याचं त्याचं," ती म्हणाली.

"ते शिक्षक आहेत, म्हणणारच. नंतर घेऊ की दुसरं."

"वहिनी, मी कंगवासुद्धा एकीचा दुसरीला लावत नाही." खुर्चीतली बाई हसली. छकूही हसली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर एक घेऊ."

तिनं तिचा वाटा तिथल्या तिथे देऊ केला, मी घेतला नाही. मनाला बरं वाटलं.

१६ मार्च

घेतलं. दुकानदारानं बटणं शिकवली. घरी आल्यावर मी ते बादलीत बुडवून पाहिलं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय म्हणतंय, आहे का पाणी?"

२९ मार्च, समुद्रकाठच्या लॉजवर

पोहोचलो, दोनदा उतरलो, आता अंग मोडून आलंय. छकू आंघोळ करतेय तेवढ्यात लिहून काढते.

सकाळी बोटीवर सामान देणाऱ्या माणसानं विचारलं, "दुसऱ्या मॅडमचा कॉम्प्युटर? भाड्यानं देऊ का एक?" मी म्हटलं, "नको, आम्ही बरोबरच असतो." त्यानं छकूकडे पाहिलं. ती पायात पंख चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी म्हणते तर नको." तो म्हणाला, "सक्ती नाही, पण असलेला बरा." मग त्याला दुसऱ्या कुणी हाक मारली.

यंत्र मी बांधलं. मी मोठी, वाचन माझं झालेलं, म्हणून ते सहजच माझ्या हातावर आलं.

पहिली डुबकी सुरेख झाली. पिवळ्या माशांचा थवा आमच्या मधून गेला. छकू पाण्यात अशी तरंगते की तिला काही वजनच नाही. माझी हवा तिच्या आधी संपते. कासवसरांनी आज बोटीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "श्वास कसा घ्यायचा ते हिच्याकडून शिका." मी टाळी वाजवली. डबा खाताना तिनं विचारलं, "दुसऱ्या वेळी मी बांधू का ते?" मी म्हटलं, "अगं, आता एकदा सेट झालंय, राहू दे." ते तसं नसतं. म्हणजे सेट वगैरे काही करायचं नसतं, हातावर बदललं की झालं. पण दोन डुबक्यांचा हिशेब त्यात एकाच्याच नावावर राहिलेला बरा, असं मला वाटलं.

दुसऱ्या डुबकीत खडकाची भिंत होती, खाली निळं होत गेलेलं. एका कपारीत छकूला ऑक्टोपस दिसला. ती त्याच्यापाशी गेली. माझे कान दुखत होते, म्हणून मी वरच थांबले. कासवसर पुढे दुसऱ्या जोडीबरोबर होते. ती बराच वेळ तिथे होती. एकदा तिनं मान वर करून मनगटावर बोट टेकवलं. म्हणजे, वेळ आहे ना? मी यंत्र पाहिलं, पुष्कळ मिनिटं होती. अंगठा आणि बोट जुळवून ओके केलं. मग सावकाश वर आलो. वर येताना मध्येच काही मिनिटं घ्यायचा शेवटचा थांबाही यंत्रानं सांगितला तसा पुरा घेतला. सगळं नियमानं झालं.

छकू म्हणते खांदा दुखतोय. सिलिंडर उचलून आखडला असेल. तिला एक गोळी दिली, मलम चोळून दिलं. ती म्हणाली, "घरचं औषधाचं दुकान असलं की किती बरं."

३० मार्च

सकाळी दात घासताना छकूच्या हातातून ब्रश पडला. तिनं उचलला, पुन्हा पडला. ती हसत होती. म्हणाली, "उजव्या हाताची दोन बोटं झोपलीत, जागीच होईनात." दंडावर निळसर नक्षी उठली होती, संगमरवरासारखी.

मी कासवसरांचं दार वाजवलं. एरवी शब्दाशब्दाला थांबणारा हा माणूस धावत आला. ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडाला लावला आणि मला विचारलं, "कधीपासून?"

"काल संध्याकाळी खांदा दुखत होता."

"मला का नाही सांगितलं?"

मी सांगितलं, गोळी दिली होती. त्यांनी मास्कचा पट्टा घट्ट केला आणि हॉस्पिटलात न्यायला गाडी मागवली. दुखणं दाबलं गेलं, म्हणून रात्र शांत गेली, हे मला गाडीत बसल्यावर उमजलं. दुकानात कुणी खांदा दुखतो म्हणून आलं तर मी आधी विचारते, काय केलं होतंत, कधीपासून, हाताला मुंग्या येतात का. हिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

१ एप्रिल

लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात दाबाची खोली आहे. पिंपासारखी लोखंडी, गोल काचेच्या खिडकीची. आत बसवून दाब वाढवतात, म्हणजे अंगातले बुडबुडे विरावेत म्हणून जणू पुन्हा खोल नेतात, आणि मग अगदी हळूहळू वर आणतात. छकू दोनदा आत जाऊन आली. खिडकीतून मला वेडावून दाखवलं. खांदा दुखायचा थांबला. करंगळी आणि अनामिका अजून बधिर आहेत.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटर आणलाय का? डुबकी कशी झाली ते त्यात दिसेल."

मी हातावरचा काढून दिला. तो अजून हातावरच होता. त्यांनी बटणं दाबून रेघा पाहिल्या.

"एवढ्याशा खोलीवर? हे जुळत नाही. हा यांच्या हातावर होता ना?"

"नाही, माझ्या."

"मग हे तुमचं झालं. यांचं कुठे आहे?"

"आमच्यात एकच होता."

त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "तुम्ही काय करता?"

"औषधाचं दुकान आहे."

त्या म्हणाल्या, "असो."

त्या 'असो'चं काय करू ते मला कळत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एकाच्या नावावर लिहिलेली गोळी दोघांनी अर्धी-अर्धी घेतली असं कुणी सांगितलं, तर मी काउंटरवरून काय काय बोलले असते.

दुपारी त्यांना गाठून विचारलं, तिच्या हातावर असता तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. सगळे नियम पाळूनही काहींना होतं. कदाचित यंत्रानं तिला लवकर वर काढलं असतं. कदाचित तरीही झालं असतं."

ते 'तरीही' मी दिवसभर तोंडात गोळीसारखं धरून आहे.

४ एप्रिल

घरी आलो. नवरा न्यायला आला होता. छकूनं गाडीत बसताच सांगून टाकलं, "माझीच चूक, दादा. ऑक्टोपसच्या नादात खाली गेले, भान राहिलं नाही."

तो तिला ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू होतीस बरोबर म्हणून."

मी बोलायला तोंड उघडलं. छकूनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहू लागले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. लेकीला आत घेतलं, मग माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "तू वेळेत नेलीस म्हणून पोर धड परत आली. तुझे उपकार." माझ्या हाताला घाम सुटला होता, त्यांना जाणवला असेल. त्या म्हणाल्या, "दमलीस. जा, पड जरा."

मी खरंच पडले. आणि झोप लागली, हे लिहितानाही लाज वाटते.

९ एप्रिल

छकू दुकानात जाते, पण केस मदतनीस मावशी कापतात. कात्रीचं एक कडं अंगठ्यात असतं, दुसरं अनामिकेत. अनामिकेला कडं आहे की नाही हेच तिला कळत नाही. काल मी डोकावले तर ती खाली पडलेले केस झाडून गोळा करत होती. गिऱ्हाईक म्हणालं, "आज तुम्ही नाही का कापणार?" ती म्हणाली, "आज मालकीणबाईंची सुट्टी." गिऱ्हाईक थांबलं, पण पुढच्या वेळी येईल की नाही कोण जाणे.

वर २९ तारखेला मी जे लिहिलंय ते आज पुन्हा वाचलं. एक वाक्य खोटं आहे. मी यंत्र पाहिलं नव्हतं. छकूनं मनगटावर बोट टेकवलं तेव्हा मी माझ्या हवेचा काटा बघत होते. माझी संपत आली होती, तिची अजून निम्मी असणार, एवढंच डोक्यात होतं. मान न वळवता ओके केलं. त्याच रात्री वहीत लिहिताना ते आपोआप "यंत्र पाहिलं" असं झालं. कुणी वाचणार नव्हतं, तरी.

पाहिलं असतं तरी काय, आकडा माझ्या खोलीचा होता. तिच्या खोलीचा आकडा कुणाकडेच नव्हता. हे मला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघते. ठाऊक होतं. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी बरोबर सोडवला होता. छकूचा चुकला होता, मीच तिला नंतर समजावून सांगितलं होतं.

१७ एप्रिल

आज पुन्हा त्या दुकानात गेले. या वेळी वेळ घालवला नाही. रंगीत, चार्ज करायचा, त्याच्याकडे असलेल्यांत चांगला म्हणून जो होता तो घेतला. दुकानदार म्हणाला, "पहिला आवडला नाही का?" मी म्हटलं, "भेट द्यायचाय."

छकूच्या दुकानात गेले, खोकं तिच्यासमोर ठेवलं. ती खुर्चीत बसली होती, हातात रबरी चेंडू होता, डॉक्टरांनी दाबायला सांगितलेला.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. तुझा स्वतःचा."

तिनं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. उघडलं नाही. "डॉक्टर म्हणाल्यात बोटं पूर्ण येईपर्यंत पाण्याचं नाव नाही. आली तरी तपासून मग सांगणार."

"हो, पण नंतर."

"नंतर," ती म्हणाली आणि उठून खोकं फळीवर शांपूच्या बाटल्यांमध्ये ठेवून दिलं. मग मावशींना म्हणाली, "मावशी, यावर विक्रीचं लेबल लावू नका हं, हे वहिनीचं आहे."

तिनं 'माझं' म्हटलं नाही, 'वहिनीचं' म्हटलं. घरी येताना मी तेवढ्या एका शब्दाचा कीस काढत होते. तिनं आभार मानले असते तर मी आज सुखानं जेवले असते. त्यासाठीच घेतलं होतं का मी ते? असंच दिसतंय.

२१ एप्रिल

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. सगळं सांगितलं, भाड्याच्या यंत्राला नको म्हटलं तिथपासून न पाहता केलेल्या ओकेपर्यंत. तो देठ मोडत राहिला. शेवटी म्हणाला, "पण डॉक्टर म्हणाल्या ना, तरीही झालं असतं कदाचित."

"म्हणाल्या."

"मग एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

हेच ऐकायला मी सांगितलं होतं, आणि ऐकल्यावर काहीच झालं नाही. त्यानं भाजी धुवायला घेतली. नळाखाली हात धरून, पाठमोराच, म्हणाला, "छकूला सांगितलंस?"

"काय?"

"आता मला सांगितलंस तेच."

मी म्हटलं, "तिला माहीत आहे, ती तिथेच होती." त्यानं नळ बंद केला आणि भाजी निथळत ठेवली.

मी तिला टाळते असं नाही. रोज तिच्या हाताला तेल लावून देते, डबा पोहोचवते, तिच्या औषधांच्या वेळा तिच्याहून मलाच पाठ आहेत. फक्त आम्ही दोघीच असलो की मी काहीतरी बोलत राहते. गप्प बसत नाही, एवढंच.

३ मे

आज छकूनं दुकान बंद झाल्यावर बोलावून घेतलं. मावशी गेल्या होत्या. म्हणाली, "बस. मला एक डोकं हवंय."

डॉक्टरबाईंनी तिला कात्री धरून बघायला सांगितलंय. करंगळी अजून बधिर आहे, अनामिकेत थोडं थोडं कळू लागलंय. मावशींच्या डोक्यावर प्रयोग करायचा तिला धीर होईना आणि गिऱ्हाइकावर तर नाहीच. मी लगेच खुर्चीत बसले. माझे केस पाठीवर रुळणारे, लग्नाआधीपासूनचे. म्हटलं, "हवे तेवढे काप."

"हवे तेवढे नको, किती ते सांग."

"तू म्हणशील तेवढे."

तिनं कापड माझ्या गळ्याभोवती बांधलं. जरा घट्टच. "खांद्यापर्यंत," तीच म्हणाली.

ती कापू लागली. एरवी तिची कात्री चिमणीसारखी बोलते. आज एक कट, मग थांबणं, मग बोटं कड्यात नीट बसवणं, मग दुसरा कट. एकदा कात्री निसटून माझ्या मांडीवर पडली. मी उचलून दिली. मी बोलत सुटले होते, दुकानातल्या गिऱ्हाइकांचं, मुलीच्या गादीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं. ती हं हं करत होती.

झाल्यावर तिनं खुर्ची आरशाकडे फिरवली. पाठीमागे छोटा आरसा धरला. "कसं झालंय?"

मी म्हटलं, "छान झालंय."

तिनं छोटा आरसा खाली ठेवला. माझ्या मागे उभी राहून मोठ्या आरशात माझ्याकडे बघत राहिली. मग उजवा हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून ओके केलं, डोळे भलतीकडे फिरवून. माझी नक्कल होती ती. हुबेहूब होती.

"मी वर बघत होते, वहिनी," ती म्हणाली. "तुझी मान वळली नव्हती. मला दिसलं होतं."

मला वाटलं होतं, ती वेळ आली की मी रडेन. रडू आलं नाही. "मग लगेच वर का नाही आलीस?" मी विचारलं. विचारायचं होतं भलतंच.

"कारण तू ओके म्हणालीस. आणि मला थांबायचं होतं. दोन्ही." ती कात्रीवरचे केस पुसत होती. "थांबले त्याचं माझं मी बघेन. पण तू रोज तेल लावतेस, डबा आणतेस, ते खोकं आणून ठेवतेस. एकदा बोलशील म्हणून मी वाट बघत्येय, आणि तू आईच्या गुडघ्याचं सांगतेस."

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "शिवाय, पाहून उपयोग नव्हता हेही माहीत होतं. त्या माणसाला नको म्हटलं तेही मी. डबा खाताना तू मागितलंस तेव्हा दिलं नाही, ते सेट वगैरे काही नव्हतं. मला ते माझ्या हातावर हवं होतं."

"का?"

"सर तुझं कौतुक करत होते."

ती एकदम हसली. मग हसू गेलं आणि खाली बघून म्हणाली, "मला राग आहे. अजून आहे. किती दिवस राहील माहीत नाही." मी मान हलवली. ती म्हणाली, "आणि ते खोकं परत कर. डॉक्टर हो म्हणाल्या तर मी माझा बघून घेईन. मोठ्या बटणांचा, या बोटांना कळेल असा."

"करते."

तिनं छोटा आरसा पुन्हा माझ्या मागे धरला. "आता सांग. कसं झालंय?"

मी या वेळी पाहिलं. डावीकडून, मग उजवीकडून, मग मान वळवून पुन्हा डावीकडून.

"वाकडं आहे."

"कुठे?"

"उजवीकडे बोटभर लांब राहिलंय. आणि मागे एक पायरी पडलीये."

"मग सरळ बस," ती म्हणाली आणि माझी हनुवटी धरून मान खाली केली. "हलू नकोस. आणि बोलू नकोस."

बराच वेळ लागला. मी गप्प बसले. कात्री थांबत थांबत चालली होती, केस कापडावर पडत होते. मध्ये एकदा तिनं बधिर करंगळी माझ्या मानेवर टेकवून आधार घेतला. गार होती.

खांद्यापर्यंत ठरले होते, ते कानापर्यंत आले. घरी सासूबाईंनी दार उघडलं, मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "कोण हवंय?" मग ओळखल्यावर म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"छकूनं."

त्या आत वळता वळता थांबल्या. "छकूनं? स्वतःच्या हातानं?" त्यांनी मला दिव्याखाली नेलं, एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवून पाहिलं. "आखूड आहेत फार," त्या म्हणाल्या. "पण दोन्हीकडे सारखे आहेत."